वळण नीट असू द्या, बाकी बघून घेऊ

माझ्या विशलिस्टमध्ये कायम एखादा तरी रेसिंग गेम येऊ घातलेला असतो. मोठ्या कंपनीचा नव्हे. दोघा-तिघांनी, कधी कधी तर एकट्याच माणसाने, दिवसाची नोकरी सांभाळून रात्री जागून केलेला. दीड मिनिटाचा ट्रेलर असतो. त्यात मावळतीचा नारिंगी-जांभळा उजेड, समुद्राकाठचा रस्ता, जुन्या धाटणीची चौकोनी लाल गाडी आणि वळणावर मागचं अंग बाहेर फेकत, धूर सोडत जाणारी तिची तिरकी चाल. शेवटी 'लवकरच' असं लिहिलेलं. हे 'लवकरच' फार लांबलचक असतं.

त्या दीड मिनिटावर लोक काय काय इमले रचतात ते बघण्यासारखं असतं. कुणाला गाडीचं इंजिन बदलायचं असतं. कुणाला पाऊस हवा असतो, कुणाला पाऊस आणि रात्र दोन्ही. स्टीअरिंग व्हील चालणार का? पोलिस मागे लागणार का? ऑनलाइन तर हवंच, शिवाय एकाच टीव्हीसमोर बसून दोघांना खेळता आलं पाहिजे. ट्रॅक बनवायची सोय द्या. फोटो मोड द्या. करिअर मोड द्या, आणि त्यात जरा गोष्टही असू द्या. एवढं सगळं मागून झालं की तोच माणूस शेवटी म्हणतो, "बाकी जुन्या आर्केडसारखा साधासुधा ठेवा म्हणजे झालं."

मला हे शेवटचं वाक्य आवडतं, कारण ते मनापासूनचं असतं. खरं मागणं तेच. आधीची यादी धास्तीपोटी आलेली असते: गेम मनासारखा नाही निघाला तर निदान त्यात भरपूर काहीतरी असावं.

'जुन्या आर्केडसारखा', म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशिनवरच्या गेमसारखा, तो केवढा, हे एकदा मोजूनच बघावं. सेगाचा 'आउटरन' 1986 सालचा, यू सुझुकी यांनी घडवलेला. त्यात चालवायला गाडी एकच. सगळे मिळून 15 टप्पे, पण एका खेपेत त्यातले पाचच वाट्याला येतात. टप्प्याच्या शेवटी रस्ता फुटतो, डावीकडे की उजवीकडे ते तुम्ही ठरवायचं. नीट चालवलीत तर सगळा प्रवास पाच-सहा मिनिटांत आटोपतो. नामकोचा 'रिज रेसर' 1993 चा. पुढच्या वर्षी, 3 डिसेंबर 1994 ला, तो जपानमध्ये पहिल्या प्लेस्टेशनबरोबरच घरी आला, तेव्हा त्यात पाहायला गेलं तर एकच ट्रॅक होता. तोच कुठे थोडा वाढवून, कुठे उलटा फिरवून पुरवलेला. 'डेटोना यूएसए'त तीन ट्रॅक. 'सेगा रॅली चॅम्पियनशिप' घरच्या कन्सोलवर आला तेव्हा चार ट्रॅक आणि तीन गाड्या, त्यातलंही थोडं आधी लपवून ठेवलेलं. आज एवढ्याशा ऐवजावर कुणी गेम काढला तर लोक त्याला डेमो म्हणतील.

आणि तरी आज नवा गेम काढणारा प्रत्येक जण याच चार-पाच नावांच्या शपथा घेतो.

याचं कारण त्या मशिनच्या धंद्यात आहे. आर्केडचं मशिन गोंगाटात, दहा इतर मशिनच्या शेजारी उभं असायचं. येणाऱ्याजाणाऱ्याला त्याने काही सेकंदांत ओढून घ्यायचं, नाणं टाकायला लावायचं, दोन-तीन मिनिटं जीव मुठीत धरायला लावायचा आणि मग उठवायचं, कारण मागे दुसरा उभा आहे. शिकवायला वेळ नाही, गोष्ट सांगायला वेळ नाही, 'पाच तासांनंतर मजा येते' हे म्हणायची तर सोयच नाही. म्हणून सगळी अक्कल, सगळी मेहनत गाडीच्या चालीवर खर्च व्हायची. ट्रॅक थोडे होते ते आळसामुळे नव्हे. पुष्कळ ट्रॅकची त्या धंद्याला गरजच नव्हती.

वरच्या कोपऱ्यात उलटा मोजणारा, शून्यावर आला की खेळ संपवणारा तो टायमरसुद्धा मुळात माणसाला उठवण्यासाठीच. घरी खेळताना त्याचं काम संपलं. तरी नव्या गेममध्ये तो असतो आणि त्यावरून भांडणंही होतात. अनेकांना तो छळ वाटतो: मी माझ्या घरी, माझ्या सोफ्यावर, मला कोण उठवणार? मी मात्र टायमरच्या बाजूचा. 'आउटरन'मध्ये हरवायला कुणी प्रतिस्पर्धी नाही. बाकीच्या गाड्या नुसती रहदारी आहे. शर्यत आहे ती रस्त्याशी, आणि टायमर काढला की रस्ता नुसतं चित्र होतो. दोन सेकंद उरलेले असताना समोर चेकपॉइंटची, म्हणजे टायमरला आणखी वेळ देणारी कमान दिसणं आणि गाडी नुसत्या वेगावर, रेस न देताही, तिच्याखालून निसटणं, हे सुख दुसऱ्या कुठल्या प्रकारच्या गेममध्ये मिळत नाही.

आता त्या चालीबद्दल.

'रिज रेसर'चं एखादं लांब वळण घ्या. तुम्ही भरवेगात येताय. वळणाच्या जरा आधी रेस सोडायची, गाडी वळवायची आणि लगेच रेस पुन्हा दाबायची. मागची चाकं सुटतात. गाडीचं तोंड वळणाच्या आत वळतं, पण गाडी अजून आधीच्याच दिशेने सरकत असते. खऱ्या रस्त्यावर हे केलं तर पुढचा मुक्काम कठड्यात. इथे मात्र तुमच्या हातात अजून गोष्टी आहेत: किती वळवायचं, कधी सोडायचं, उलटं स्टीअरिंग केव्हा द्यायचं. ते वेळेवर दिलंत की गाडी एक हिसका देऊन सरळ होते आणि वेग जवळपास तेवढाच राहिलेला असतो. तो हिसका अंगठ्याला कळतो. कंट्रोलर थरथरत नसला तरी कळतो.

यात भौतिकशास्त्राची पार ऐशीतैशी आहे. पण सिम्युलेटर, म्हणजे खऱ्या गाडीची हुबेहूब नक्कल करणारा गेम, आणि आर्केड यांतला फरक नुसता खरंखोटं एवढाच नाही. आर्केड गेम खोटं बोलतो, पण दर वेळी तेच खोटं बोलतो. रेस सोडण्यात जेवढा उशीर झाला तेवढीच गाडी बाहेर जाणार, उद्याही, परवाही. म्हणून हात शिकतो. ज्या गेममध्ये तीच हालचाल एकदा देखणा ड्रिफ्ट देते आणि पुढच्या खेपेला गाडी गर्रकन उलटी फिरवते, तिथे पन्नास ट्रॅक दिले तरी त्या पन्नास ठिकाणी मनस्तापच होतो.

'सेगा रॅली'ने यात आणखी एक पायरी वर चढून दाखवलं. तिथे जमीन बदलते. डांबरावरून गाडी मातीवर उतरते त्या क्षणी तिची पकड सैल होते आणि पुन्हा डांबर आलं की ती रस्त्याला चिकटते. वळण मातीत सुरू होऊन डांबरावर संपत असेल तर तिरक्या गाडीला मध्येच पकड मिळते, आणि ती जिकडे तोंड करून असेल तिकडे सुसाट निघते. हे आधी हेरून गाडीचं तोंड कुठे ठेवायचं, एवढ्या एका गोष्टीवर माणसं महिनोन्‌महिने घासत बसायची. चार ट्रॅक पुरायचे ते असे.

पडद्यावर दिसत नाही, पण सगळ्यात जास्त बोचते ती गोष्ट म्हणजे उशीर. बटण दाबल्यापासून गाडी हलेपर्यंतचा. ताशी 200 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात साधारण साडेपंचावन्न मीटर जाते. म्हणजे तुमच्या अंगठ्यात आणि गाडीच्या चाकात सेकंदाच्या दहाव्या भागाचं अंतर पडलं तर गाडी साडेपाच मीटर पुढे गेल्यावर वळायला लागते. खेळणाऱ्याला हा हिशोब माहीत नसतो. तो फक्त म्हणतो, "गाडी जड वाटते." सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे पडद्यावर बदलणारी 60 चित्रं, असतील तर एक फ्रेम सुमारे 16.7 मिलिसेकंदांची, 30 असतील तर तिच्या दुप्पट. रेसिंगवाले 60 फ्रेमसाठी एवढे हटून का बसतात ते यात आलं. निन्टेन्डोने 1998 मध्ये 'एफ-झीरो एक्स' काढला तेव्हा एका शर्यतीत 30 गाड्या आणि सेकंदाला 60 फ्रेम हे दोन्ही साधायला बाकीचं सगळं छाटलं. रस्त्याकडेला बघावं असं फारसं काही नाही, गाड्या कोनाकोनांच्या. त्या काळात त्याला उघडाबोडका म्हणून नावं ठेवणारेही होते. आज तो खेळायला घेतला की कळतं, छाटलं ते योग्य छाटलं.

म्हणून नव्या गेमचा डेमो हातात आला की मी शर्यत लावतच नाही. एकटाच ट्रॅकवर जातो आणि एकाच वळणावर घुटमळतो. पुढे जायचं, वळायचं, थांबायचं, मागे यायचं, पुन्हा. कंट्रोलरची काडी मधोमध असताना तिला केसभर ढकलायचं आणि गाडी हलते का बघायचं. पुष्कळदा हलत नाही. काडी पहिली थोडी वाट नुसतीच चालते, काहीच होत नाही, आणि मग गाडी एकदम झटका मारते. याला डेडझोन म्हणतात. झिजलेल्या कंट्रोलरमुळे गाडी आपोआप वळू नये म्हणून तो ठेवलेला असतो, पण बेतशीर हवा. सरळ रस्त्यावर गाडी बारीकशी सावरायची असली की मोठा डेडझोन जीव नकोसा करतो. ही बारीक बाब ज्यांनी सांभाळली आहे त्यांचं बाकीचं कामही बहुधा निगुतीचं निघतं, असा माझा एक खाजगी ठोकताळा आहे.

हे सगळं आता छोट्या स्टुडिओंच्या गळ्यात का पडलं, याचीही एक हकिगत आहे. मे 2010 मध्ये दोन मोठे आर्केड रेसिंग गेम एका आठवड्याच्या अंतराने बाजारात आले: 'स्प्लिट/सेकंड' आणि 'ब्लर'. पहिल्यात शर्यत चालू असताना इमारती आणि पूल कोसळवता येत. दुसऱ्यात खऱ्या कंपन्यांच्या गाड्या एकमेकींवर शक्तीचे गोळे फेकत. दोन्ही चांगले होते, दोघांमागे मोठ्या कंपन्यांचा पैसा होता आणि दोघांचीही विक्री अपेक्षेएवढी झाली नाही. पुढच्याच वर्षी, 2011 मध्ये, ते बनवणारे दोन्ही स्टुडिओ बंद पडले. त्यानंतर मोठ्या पैशाने या वाटेला जायचं जवळजवळ सोडूनच दिलं. मोठे रेसिंग गेम एकतर खऱ्या गाड्यांच्या सिम्युलेशनकडे वळले, नाहीतर अख्खा मुलूख फिरायला देणाऱ्या ओपन वर्ल्डकडे. मधली जागा ओस पडली. तिथे मग ती माणसं आली ज्यांनी लहानपणी हे गेम खेळले होते आणि ज्यांना एव्हाना कोडिंग येत होतं.

त्यांनी केलेलं काम बघितलं की एक गोष्ट ध्यानात येते. ज्यांचं जमलं, त्यांनी एकच काहीतरी घट्ट धरलं. ब्राझीलच्या पोर्तु आलेग्रीतल्या अक्विरिस स्टुडिओने 2015 मध्ये 'होरायझन चेज' काढला, आधी मोबाइलवर, मग 2018 मध्ये 'टर्बो' म्हणून कन्सोल आणि कॉम्प्युटरवर. त्यांच्या डोळ्यांसमोर होता 1992 चा 'टॉप गिअर' हा गेम, ज्यावर ब्राझीलमधली एक अख्खी पिढी वाढली. त्यांनी काय करावं? त्या जुन्या गेमचे संगीतकार बॅरी लीच यांनाच गाठलं आणि नव्याचं संगीत त्यांच्याकडूनच करून घेतलं. 'टॉप गिअर'मध्ये पेट्रोल संपायचं आणि ते भरायला पिटमध्ये, ट्रॅकच्या बाजूच्या थांब्यावर, थांबावं लागायचं. यांनी थांबणं काढून टाकलं आणि पेट्रोलचे डबे रस्त्यावरच ठेवले. चिंता ठेवली, खोळंबा काढला. जुन्याला मान देणं म्हणजे त्याचं सगळं जसंच्या तसं उचलणं नव्हे, हे एवढ्या एका फेरफारातून कळतं.

ब्राझीलमधल्याच एका माणसाने एकट्याने 2018 मध्ये 'स्लिपस्ट्रीम' पूर्ण केला. त्यात 'आउटरन'सारखाच रस्ता फुटतो, आणि पडद्यावरचा रस्ता काढायची पद्धतही त्याच जुन्या घराण्यातली, खोलीचा नुसता भास देणारी. पण चूक झाली तर काळ काही सेकंद मागे फिरवता येतो, जे 1986 च्या मशिनला स्वप्नातही परवडलं नसतं. 2020 च्या 'आर्ट ऑफ रॅली'ने कॅमेरा गाडीच्या पाठीवरून उचलून पार वर नेला. त्यावर पुष्कळांनी नाक मुरडलं: वेग जाणवत नाही, पुढचं वळण उशिरा दिसतं. तक्रार खरी आहे. पण त्या उंचीवरून गाडीची तिरकी चाल जशी दिसते तशी मागून कधीच दिसत नाही, आणि तो गेम त्या चालीचाच आहे. त्याच वर्षीच्या 'इनर्शियल ड्रिफ्ट'ने तर डाव्या काडीला वळणं आणि उजव्या काडीला घसरणं वाटून दिलं. पहिला अर्धा तास हातांचं आपसात पटत नाही. मग पटतं. 2024 चा 'पार्किंग गॅराज रॅली सर्किट' नावाप्रमाणेच बहुमजली पार्किंगमध्ये रॅली लावतो. कल्पना एका ओळीची, आणि त्या ओळीबाहेर तो पाऊल टाकत नाही.

यांतल्या एकाही गेममध्ये सुरुवातीची ती यादी पूर्ण झालेली नाही. झाली असती तर यांतला एकही गेम बाहेर आला नसता.

यादीतल्या काही मागण्या मात्र मी स्वतःही हट्टाने करतो. पहिली प्रतिस्पर्ध्यांची. तुम्ही पहिल्या लॅपपासून (ट्रॅकच्या फेरीपासून) एकही चूक न करता पुढे आहात आणि शेवटच्या लॅपला मागची गाडी भूत लागल्यासारखी येऊन बाजूने निघून जाते. हे रबर बँडिंग. तुम्ही पुढे गेलात की कॉम्प्युटरच्या गाड्यांना गुपचूप जोर मिळतो, मागे पडलात की त्या रेंगाळतात. धाकट्याबरोबर पळताना थोरला भाऊ मुद्दाम पाय ओढत पळतो तसं. धाकट्याला कळलं नाही तोवर मजा, कळलं की रडारड. पण 'रबर बँडिंग काढून टाका' एवढं म्हणून भागत नाही. ते पूर्ण काढलेल्या गेममध्ये दुसऱ्या लॅपनंतर चिटपाखरू दिसत नाही. तुम्ही एकटे पुढे, नाहीतर एकटे मागे. शर्यत कसली, रपेट ती. मग तोच खेळाडू म्हणतो, गेम फार सुना सुना आहे.

मला यातली मधली वाट पसंत आहे: मदत करा, पण उघड करा आणि सगळ्यांना सारखी करा. पुढच्या गाडीच्या मागे चिकटून गेलं की वाऱ्याचा अडथळा कमी होतो आणि वेग वाढतो, हा खऱ्या रेसिंगमधलाच प्रकार. 'स्लिपस्ट्रीम'ने तर नावच त्यावरून घेतलं. मागच्याला पुढे यायला बळ मिळतं, पण ते त्याने कमावलेलं असतं, डोळ्यांना दिसतं आणि उद्या मी मागे पडलो तर मलाही मिळणार असतं. हरल्यावर चरफड होते ती गेमवर नव्हे, स्वतःवर.

लांबीचा प्रश्न नाजूक आहे. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात 2015 पासून असा नियम आहे की विकत घेऊन 14 दिवस झालेले नसतील आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर गेम परत करता येतो. खेळणाऱ्याच्या दृष्टीने नियम चांगलाच. पण ज्याचा अख्खा प्रवास पाच-सहा मिनिटांचा, त्या प्रकारच्या गेमची यात पंचाईत होते. दोन तासांत माणूस सगळे रस्ते बघून, समाधानाने, वर 'छान होता' असं म्हणत तो परत करू शकतो. या भीतीने मग छोटे स्टुडिओ पाणी घालायला लागतात. गाडी मिळवण्यासाठी नाणी, नाण्यांसाठी त्याच शर्यती पुन्हा, शर्यतींसाठी लायसन्सच्या परीक्षा. आपणच 'चाळीस तासांचा हवा' म्हणतो आणि आपल्याला चाळीस तास मिळतात, आठ तासांचे ताणून केलेले. माझ्यापुरतं सांगायचं तर आठ चांगले रस्ते आणि प्रत्येकावर हरवायला एक वेळ, एवढ्यावर मी महिने काढतो. पण मी गिऱ्हाईक म्हणून अल्पसंख्य आहे याची मला कल्पना आहे, आणि कुणी माझ्या भरवशावर स्टुडिओ काढू नये.

ऑनलाइनचंही तसंच. सगळ्यांना हवं असतं, आणि छोट्या गेमच्या ऑनलाइन लॉबीत काही आठवड्यांनी कुणी नसतं. त्यापेक्षा घोस्ट द्या. दुसऱ्याने लावलेली फेरी पारदर्शक गाडी होऊन तुमच्यापुढे धावते. तो माणूस आत्ता झोपलेला असला तरी चालतं, गेम सोडून गेलेला असला तरी चालतं. 2003 पासून चालत आलेल्या 'ट्रॅकमेनिया'त तर थेट ऑनलाइन शर्यतीतही गाड्या एकमेकींना धडकत नाहीत, आरपार जातात. प्रत्येक जण स्वतःच्या वेळेशी झुंजतो, फक्त सगळ्यांदेखत. या साध्या युक्तीवर त्या गेमचा संसार दोन दशकं चालला आहे.

आणि ऑनलाइन असलं तरी गेम त्यावाचून अडता कामा नये. युबिसॉफ्टच्या 'द क्रू'चे सर्व्हर 31 मार्च 2024 ला बंद झाले आणि त्याबरोबर एकट्याने खेळायचा भागही गेला, कारण त्यालाही सर्व्हर लागत होता. विकत घेतलेली डिस्क कपाटात, पण चालवायला काही नाही. त्यातूनच 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ उभी राहिली आणि युरोपात तिच्या मागणीवर 10 लाखांहून जास्त सह्या जमल्या. एका रेसिंग गेममुळे हे व्हावं यात मला आश्चर्य वाटत नाही. रेसिंग गेम माणूस संपवून बाजूला ठेवत नाही; वर्षभराने, पाच वर्षांनी, एक फेरी मारायला परत येतो.

परत यायचं तर तो जागेवर हवा. खऱ्या गाड्यांचे आणि गाण्यांचे परवाने मुदतीचे असतात. 2018 चा 'फोर्झा होरायझन 4' डिसेंबर 2024 मध्ये विक्रीतून काढून घेतला गेला. खुद्द 'आउटरन'ची कथा याहून गमतीची. मूळ गेममधली ती लाल गाडी फेरारी टेस्टारोसाच्या वळणाची. पुढे सेगाने हाच गेम नव्या हँडहेल्डवर आणि कन्सोलवर पुन्हा काढला तेव्हा परवाना नव्हता म्हणून गाडीचा आकार थोडा बदलावा लागला. ती आता लाल आहे, उघडी आहे, दोघं बसलेत, आणि तरी ती ती नाही. छोट्या स्टुडिओला परवाना मुळातच परवडत नाही. त्यांच्या गाड्या 'कुणासारख्या तरी' असतात; बघणारा ओळखतो, नाव कुठेच नसतं. ट्रेलर बघून 'खऱ्या गाड्या नाहीत का?' असं विचारणाऱ्यांना हे सांगावंसं वाटतं की बिननावाच्या गाडीला मुदत नसते.

राहता राहिली तारीख. ती पुढे जाणार, हे गृहीत धरूनच मी गेम विशलिस्टमध्ये टाकतो. बगबेअर स्टुडिओचा 'रेकफेस्ट' 2014 च्या सुरुवातीला अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे अर्धवट असतानाच विक्रीला, आला आणि पूर्ण झाला जून 2018 मध्ये. मधल्या काळात लोकांनी त्याला कितीदा तरी मूठमाती दिली. शेवटी जो गेम आला त्यात चेपलेल्या पत्र्याची चाल अशी काही साधली होती की मागचा राग कुणाला आठवला नाही. उशिराने गेम बिघडतो असं नाही. बिघडते ती आपली समजूत. ट्रेलरमधल्या त्या एका वळणाला आपण मनात पुढचा रस्ता जोडत जातो, त्यावर आपल्या आवडीची गाणी घालतो, आणि ज्या दिवशी गेम येतो त्या दिवशी त्याला आपल्या मनातल्या गेमशी सामना द्यावा लागतो. दोघा-तिघांचा स्टुडिओ त्या सामन्यात हरणारच. निदान चाल बरी असेल तर तासाभरात मनातला गेम विसरायला होतो. नुसतं दिसणं बरं असेल तर नाही होत.

तेव्हा जे बनवताहेत त्यांच्याकडे माझं नवीन काही मागणं नाही. असलंच तर काढून टाकायचं आहे. रोज हजेरी लावली तर बक्षीस, हे नको. दर ओव्हरटेकला ओरडणारा निवेदक नको, निदान त्याचा आवाज बंद करायचं बटण पहिल्याच पानावर द्या. शिकवण्यासाठी पहिल्याच वळणावर गाडी थांबवून पडदाभर मजकूर दाखवू नका. आपटू द्या, कळेल. डेडझोनची सेटिंग तेवढी ठेवा. आणि बर्फाचा ट्रॅक नसला तरी चालेल. 'सेगा रॅली'ची माती वेगळी. तिथे पकड जाते आणि परत मिळते. बर्फावर ती जाते ती जातेच. प्रत्येक आर्केड रेसिंग गेममध्ये तो असतो, बहुतेकदा शेवटून दुसरा, आणि तो मागितला होता असा माणूस मला अजून भेटायचा आहे.